खंडेनवमीला उचललेला लॅपटॉप

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात निरंजन बोधनकरांचं घर विचारा, लोक आधी तुम्हालाच विचारतील, "कोन, डाकवाले का?" निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी माणूस डाकवालाच राहिला. पस्तीस वर्षं रेल्वे डाकेत काढली. त्यातली निम्मी तर धावत्या गाडीच्या डब्यात, भिंतीवरच्या खणांसमोर उभं राहून, पत्रं गावागावाच्या खणात टाकण्यात गेली. गुडघे गेले ते तिथंच, असं त्यांची बायको प्रेमला सांगते. निरंजनराव म्हणतात, गुडघे गेले पण नजर आली.

नजर कसली, तर चुकलेल्या पत्त्यांची. एकदा एक पाकीट आलं होतं, त्यावर एवढंच: 'चष्मेवाले गुरुजी, तलावाजवळ, रायपूर.' साहेब म्हणाले, परत पाठवा. निरंजनरावांनी ते खिशात घातलं आणि तीन संध्याकाळी बूढा तालाबच्या भोवती चष्मेवाले गुरुजी विचारत हिंडले. चार सापडले. चौथ्याचं ते पत्र होतं. हे नियमात बसत नव्हतं, आणि साहेबांनी त्याबद्दल झापलंही. निरंजनरावांचं उत्तर ठरलेलं. "साहेब, चुकीचा पत्ता असा काही नसते. अपुरा असते. पुरा करून घ्या लागते."

हे सगळं सांगायचं कारण, त्यांची दुसरी नोकरी. ती बिनपगारी. डाकखात्यात संगणक आले तेव्हा बाकीचे लोक त्याला हात लावायला घाबरायचे, हे मात्र पन्नाशीत हौसेनं शिकून बसले. तेव्हा रक्तमित्र मंडळानं त्यांच्या गळ्यात आपली वेबसाइट घातली. मंडळ यशवंतराव नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काढलेलं. रक्त लागलं तर देणारा माणूस शोधून द्यायचा, एवढंच काम. शहरातल्या अकरा दवाखान्यांत त्यांच्या पत्र्याच्या पाट्या लागल्या होत्या आणि पाट्यांवर यशवंतरावांच्या घरचा नंबर होता. ते वारले, फोन कटला, आणि सहा महिने लोक मुक्या नंबरला फोन करत राहिले. मग मंडळानं शहाणपणा केला. पाट्या रंगवून त्यावर फक्त वेबसाइटचा पत्ता घातला. नंबर वेबसाइटवर, म्हणजे बदलला तरी पाट्या तशाच राहतील.

पत्ता चांगला लांबलचक होता. मंडळाचं नाव, तिरकी रेघ, मदद, तिरकी रेघ, खून, तिरकी रेघ, सूची. खून म्हणजे हिंदीतलं रक्त. तो बरोबर टाइप करणारे कमी आणि चुकवणारेच जास्त. त्यात तीन वर्षांपूर्वी मंडळाचे सचिव शिशिर यांनी वेबसाइट नव्यानं बांधून घेतली, आतले सगळे कप्पे बदलले, आणि अकराच्या अकरा पाट्यांवरचा पत्ता कुठंच जाईना. समोर यायचं ते इंग्रजीतलं कोरडं पान: सापडलं नाही.

शिशिर म्हणाले, ते पान निदान हिंदीत करू. 'पन्ना नहीं मिला.'

निरंजनराव भर बैठकीत उखडले. "त्याच्या घरी मानूस मरून राहिला अन् तुम्ही त्याले पान सापडलं का नाही ते सांगून राहिले! त्याले काय करायचं आहे तुमच्या पानाचं?"

मग ते पान त्यांनी स्वतः लिहिलं. कोणीही, कुठलाही चुकीचा पत्ता टाकून आला, की समोर हे: 'रुकिए. आप सही जगह आए हैं. खून के लिए इस नंबर पर फोन कीजिए.' आणि खाली मोठ्या आकड्यांत नंबर. नंबर आधी साधा टाइप केला होता, तर कर्ज विकणारे दिवसाला चाळीस फोन करू लागले. त्यांची यंत्रं वेबसाइटवरचे आकडे वेचून नेतात म्हणे. म्हणून प्रेमलानं काळ्या स्केचपेननं कागदावर नंबर लिहिला, त्याचा फोटो काढला, आणि तो फोटो पानावर लावला. कर्जवाले थांबले. चुकल्या माणसाचं ते पान मंडळाच्या वेबसाइटवरचं सगळ्यात जास्त बघितलं जाणारं पान झालं. शिशिरनाही मग कबूल करावं लागलं.

तो फोन असतो प्रेमलाकडे. बटणांचा छोटा फोन, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला. दिवसाला तीन-चारदा वाजतो. प्रेमला गट विचारते, दवाखाना विचारते, वहीतून देणारा काढते. यात बाई तरबेज आहे.

आता यंदाचा दसरा. सर्व्हर जिथं भाड्यानं घेतला आहे त्या कंपनीचं पत्र आलं होतं की जुनी आवृत्ती आता बंद, नवी चढवून घ्या. निरंजनरावांनी अष्टमीचा दिवस धरला, कारण नवमीला लॅपटॉपला हात लावता येत नाही. बोधनकरांकडे खंडेनवमी म्हणजे कडक कारभार. ज्यावर पोट चालतं ते सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी शिवायचं नाही. विळीसुद्धा पाटावर. त्यामुळे प्रेमला नवमीची भाजी अष्टमीलाच चिरून ठेवते. एके वर्षी निरंजनरावांनी पंखा नीट करायला पूजेतला पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, उचलला होता. त्याच आठवड्यात ते स्कूटरवरून पडले. दोन टाके पडले. बारा वर्षं झाली, पण ते टाके प्रेमलाच्या तोंडी कालपरवाचे आहेत.

तर अष्टमीची दुपार. घरात साफसफाईची धामधूम. प्रेमला फाटकी पायपुसणी बाहेर फेकत होती आणि ओरडत होती, "दसऱ्याले जुनं नाही ठेवायचं घरात, आधीच सांगून ठेवते!" इकडे सर्व्हरवर नवी आवृत्ती चढत होती. मधेच थांबून यंत्रानं एक प्रश्न विचारला: या नियमांच्या फाइलीत तुम्ही बदल केलेले दिसतात, तुमची जुनी फाइल ठेवू, की नवी बसवू?

एरवी या माणसानं चहा ठेवून, चष्मा पुसून, दोनदा विचार केला असता. पण कानात बायकोचा आवाज, समोर सण. 'नवी' म्हणाले आणि बटण दाबलं.

नंतर तपासणीही केली, नाही असं नाही. वेबसाइटच्या नावापुढं तिरकी रेघ देऊन काहीतरी अगडमबगडम अक्षरं टाकली. पान आलं, खाली प्रेमलाच्या अक्षरातला नंबर आला. झालं. नवमीला सकाळी लॅपटॉप पाटावर गेला. शेजारी विळी, शिवणाची कात्री, पेचकस, आणि त्यांची मुलगी देवश्री हिच्या स्कूटीची चावी. सगळ्यांवर झेंडूचं एकेक फूल.

दुपारी बाराच्या सुमाराला प्रेमला पुरी लाटता लाटता म्हणाली, "आज लोकायले बी सुट्टी दिसते. कालपासून फोनच नाही वाजला."

निरंजनराव पेपर वाचत होते. पेपर खाली आला. "कालपासून म्हंजे कवापासून?"

"काल दुपारच्या चहापासून नाही वाजला. काहून?"

सण असो, सुतक असो, रक्त लागणं थांबत नाही. दिवाळीच्या दिवशीही फोन दोनदा वाजला होता. त्यांनी आपला मोबाइल काढला, पुन्हा तशीच अगडमबगडम अक्षरं टाकली. पान आलं. नंबर आला. चित्र स्वच्छ. "बरोबर तर आहे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि तरी चैन पडेना. रेल्वे डाकेत एखाद्या गावाची थैली रिकामी आली, की ते गाव सुखी आहे असं कोणी समजत नसे. थैली कुठंतरी अडकली आहे, असंच समजत.

देवश्री पंडरीतल्या एका साडीच्या दुकानासाठी मोबाइलवर फोटो काढून विकायला टाकते. पोट्टीला मराठी सगळी समजते, पण उत्तर ती हिंदीत देते. तिला त्यांनी सांगितलं, "पोरी, तुया मोबाइलवर पाह्य बरं आपलं पान."

"कौन सा डालूँ, बाबा? बोर्ड वाला?" तिच्याकडे पाटीचा फोटो होता. त्यात बघून तिनं पूर्ण लांब पत्ता टाइप केला. मदद, खून, सूची. आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, इसमें तो नंबर ही नहीं आ रहा."

निरंजनरावांनी मोबाइल हातात घेतला. रंग गेलेला, मजकूर डावीकडे ढकललेला. 'रुकिए. आप सही जगह आए हैं. खून के लिए इस नंबर पर फोन कीजिए.' आणि खाली एक रिकामी चौकट, कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण.

अरे देवा! माणसाला थांब म्हणायचं, बरोबर जागी आलास म्हणायचं, या नंबरवर फोन कर म्हणायचं आणि नंबरच द्यायचा नाही. याहून ते कोरडं 'सापडलं नाही' बरं होतं, निदान माणूस उठून दुसरीकडे गेला असता. निरंजनराव मोबाइल तसाच हातात धरून खुर्चीत बसले. पस्तीस वर्षांत एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"छोटं टाकलं त येते, मोठं टाकलं त येत नाही," ते पुटपुटले. "छोटं येते, मोठं नाही. असं काहून?" आणि त्यांनी एकाएकी कपाळावर हात मारला. "अवं, मी गाढव आहो!"

"ते आता कळलं?" प्रेमला आतून म्हणाली.

गाढवपणा असा होता. पानावर चित्राचा पत्ता त्यांनी लिहिला होता तो असा: शेजारच्या चित्रांच्या खणात. शेजारच्या, पण कोणाच्या? जुन्या नियमात चुकून आलेल्या माणसाला सर्व्हर हाताला धरून दाराजवळच्या पुढच्या खोलीत आणायचा आणि तिथं पान दाखवायचा. तिथून चित्रांचा खण खरोखर शेजारीच होता. नव्या नियमात माणूस जिथं उभा असेल तिथंच त्याच्यापुढं पान धरतात. दारातच उभा असला, म्हणजे पत्ता छोटा असला, तर शेजारी खण सापडतो. पण पाटीवाला माणूस तीन खोल्या आत, मदद, खून, सूची करत गेलेला. त्याच्या शेजारी कसला खण? चष्मेवाले गुरुजी, तलावाजवळ! जन्मभर लोकांचे अपुरे पत्ते पुरे करणाऱ्यानं स्वतःच अपुरा पत्ता लिहून ठेवला होता, आणि तीन वर्षं तो नशिबानं पोचत होता.

दुरुस्ती एका तिरक्या रेघेची. चित्राच्या पत्त्याआधी ती रेघ दिली, की अर्थ होतो, मोठ्या दारापासून मोजा. मग माणूस कुठंही उभा असो. एका रेघेचं काम, पण ते करायचं कशानं? सर्व्हरची किल्ली फक्त लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप पाटावर, झेंडूच्या फुलाखाली.

ते देवघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत जाण्याची हिंमत होईना. कंपनीला फोन केला, तिथं सुट्टी. शिशिरना केला, ते नागपूरला सासुरवाडीत. प्रेमला पिठाच्या हातानं बाहेर आली.

"काय झालं, ते सरळ सांगा ना बाप्पा."

त्यांनी सांगितलं. कालपासून जो कोणी आला असेल त्याला रिकामी चौकट दिसली. किती आले, कोण आले, काही ठाऊक नाही. "उद्या पूजा झाल्यावर करतो," ते खाली बघून म्हणाले. "एका रेघेचंच आहे."

प्रेमलानं पाटाकडे पाहिलं. मग खिडकीतल्या फोनकडे पाहिलं. एके वर्षी देवश्रीनं तो फोनही पूजेत ठेवला होता, तेव्हा प्रेमलानंच तो उचलून परत खिडकीत नेला होता. हे हत्यार नाही, हे दार आहे, दार बंद नाही करायचं, असं म्हणाली होती. आता तिनं हात धुतले, पदराला पुसले, आत गेली, पाटाला नमस्कार केला, लॅपटॉपवरचं फूल काढून कात्रीवर ठेवलं आणि लॅपटॉप नवऱ्याच्या हातात दिला.

"उद्यापर्यंत थांब म्हनायले रक्त का भाजी आहे, काल चिरून ठेवलेली?" ती म्हणाली. "टाके पडले त माया डोक्याले पडतील. बसा."

निरंजनराव बसले. झाकणावर हळदीचा ठिपका होता, तो त्यांनी तसाच राहू दिला. रेघ दिली, फाइल साठवली, देवश्रीनं लांब पत्ता पुन्हा उघडला. "आ गया!" ती ओरडली. "बाबा, आ गया, मम्मी की हैंडराइटिंग!" तिघांच्या छातीवरचा धोंडा निम्मा उतरला.

उरलेला निम्मा लॅपटॉपमध्ये होता. सर्व्हर येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवतो. निरंजनरावांनी ती उघडली. कालपासून त्या पानावर सहा माणसं येऊन गेली होती. पाच जण एकेकदाच आले आणि गेले. सहावा मात्र आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आला होता. पुन्हा साडेसातला आला. पुन्हा साडेआठला. मग नऊला, दहाला, अकराला. शेवटचं बारा वाजायच्या थोडं आधी. एकच माणूस, तोच पत्ता, सात वेळा.

"सात खेपा दार वाजवलं बाप्पा त्यानं," निरंजनराव म्हणाले. कोण, कुठला, कुठल्या दवाखान्यातला, काही कळायला मार्ग नाही. पोस्टाच्या पाकिटावर निदान मागे पाठवणाऱ्याचं नाव असतं. आता करण्यासारखं एकच उरलं होतं. त्यानं आठव्यांदा यावं म्हणून देवाकडे मागणं.

जेवणं वाढली गेली, कोणी जेवलं नाही. पुऱ्या फुगलेल्या होत्या त्या बसल्या. देवश्री लॅपटॉपसमोर नोंद बघत बसली. एक वाजला. पावणेदोन झाले. दोन वाजून चार मिनिटांनी ती किंचाळली, "बाबा, आया! वही है!" आणि तिचं वाक्य संपायच्या आत खिडकीतला फोन वाजला.

प्रेमला धावली. एरवी सावकाश चालणारी बाई, पण तेव्हा जेवणाच्या पाटाला ठेच लागली तरी थांबली नाही.

पलीकडे नत्थू नावाचा माणूस होता, महासमुंदच्या बाजूच्या खेड्यातला. त्याची नऊ वर्षांची पोरगी सिकलसेलनं आजारी, पहाटेपासून दवाखान्यात. "मोर नोनी ला खून चाही, दीदी," माझ्या पोरीला रक्त पाहिजे, एवढंच तो दोनदा म्हणाला. बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या हव्या होत्या. दवाखान्याच्या रक्तपेढीत ते नव्हतं, आणि डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला होता.

प्रेमलाला वही उघडावी लागली नाही. बी निगेटिव्ह तिच्या घरातच होतं, लॅपटॉपसमोर बसलेलं. तिनं वळून मुलीकडे पाहिलं. देवश्री उठून उभीच होती, पण स्कूटीच्या चावीवर झेंडूचं फूल होतं म्हणून तिचा हात अडला होता.

"घे वं," प्रेमला म्हणाली. "अन् आधी दोन पुऱ्या खा. उपाशीपोटी घेत नाहीत."

देवश्रीनं पुऱ्या उभ्यानंच खाल्ल्या आणि गेली. सदर बाजारात सणाची गर्दी, तरी पाऊण तासात पोचली. दुसऱ्या पिशवीसाठी प्रेमलानं वहीतून इंद्रजीत नावाचा शिक्षक काढला, तोही निघाला. उरलेल्या पाच जणांचं काय झालं असेल, हे निरंजनरावांनी दुपारभर मनाला लावून घेतलं. पण चारच्या आत आणखी दोन फोन आले, दोघंही म्हणाले की काल नंबर दिसत नव्हता, आज दिसला. मग त्यांना जरा श्वास घेता आला. बाकीच्या तिघांचं काही कळलं नाही. ते दुसरीकडून निभावले असतील असं प्रेमला म्हणाली, आणि निरंजनरावांनी ते खरं धरायचं ठरवलं.

रात्री आठला नत्थूचा फोन आला. रक्त चढलं होतं. नोनीनं भात मागितला होता. प्रेमलाच्या डोळ्यांना धार लागली. निरंजनरावांनी तिच्या हातातून फोन घेतला, कारण त्यांना एक गोष्ट विचारल्याशिवाय झोप येणार नव्हती. आधी त्यांनी माफी मागितली. नंबर दिसत नव्हता ती चूक माझी होती, म्हणाले. मग विचारलं, "भैया, सात बार खाली दिखा, फिर भी आठवीं बार क्यों देखा?"

नत्थूला प्रश्नच कळेना. मग साधेपणानं म्हणाला, "उहाँ लिखाय रहिस न भइया, आप सही जगह आए हैं. त मैं अगोरत रहेंव."

तिथं लिहिलं होतं ना, बरोबर जागी आलात म्हणून. तर मी वाट बघत राहिलो.

निरंजनराव, "हव भैया, हव," म्हणाले. फोन त्यांनी परत खिडकीत ठेवला. मग लॅपटॉपचं झाकण मिटलं, तो पाटावर जागच्या जागी नेऊन ठेवला, आणि कात्रीवर ठेवलेलं त्याचं फूल उचलून परत त्यावर ठेवलं.